मास्तरांनी कापलेला कागद

हे घडलं १९८४ साली. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी आमच्या ऑफिसात विजेवर चालणारा टाइपरायटर आला आणि पहिला महिनाभर माझ्या हातून प्रत्येक ओळीत एखादं अक्षर दोनदा उमटत होतं. वकीलसाहेब म्हणायचे, "चालू दे, आपल्या पक्षकारांना दुप्पट न्याय मिळतोय." मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. आता पंचाहत्तरी ओलांडली आहे.

मूळ कागद मात्र मी त्याच्या दहा वर्षं आधी, जुन्या मशीनवर टाइप केला होता.

वकीलसाहेबांचं ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं आणि माझं टेबल खिडकीला लागून. समोरच्या बाजूला शिंप्याचं दुकान. दारातच कापायचं लांब टेबल, त्यामागे दोन मशीनं, आणि टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, उजेड येईल अशा जागी, एक बाई मान खाली घालून काजं करत बसलेली. कोटाची काजं तेव्हा हातानेच व्हायची. ती काजं इतकी रेखीव करायची की तिचं खरं नाव सगळे विसरले होते. रस्त्यावरचे लहानथोर तिला काजताईच म्हणायचे. शिंप्याला सगळे मास्तर म्हणायचे. आणि मास्तर मला टकटक म्हणायचे, कारण माझ्या मशीनचा आवाज रस्ता ओलांडून त्यांच्या टेबलापर्यंत यायचा. "टकटक आज गप्प का? कुणी भांडायचंच थांबलं की काय?" असं ते खालून ओरडून विचारायचे.

मास्तर विधुर होते. एकच मुलगा, तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. काजताई विधवा, मूलबाळ नाही. ती मास्तरांकडे कामाला आली आणि चार वर्षं त्याच टेबलाच्या टोकाला बसली. मग एके दिवशी दोघं जिना चढून आमच्याकडे आले. मास्तरांनी स्वतः शिवलेला राखाडी कोट घातला होता, काजताईच्या पदराला नेहमीसारख्या सुया टोचलेल्या होत्या.

"साहेब," मास्तर म्हणाले, "आम्ही लग्न करतोय."

"अभिनंदन," वकीलसाहेब म्हणाले. "पण त्यासाठी वकील कशाला?"

"घरासाठी. आणि मुलासाठी."

दुकान आणि मागच्या दोन खोल्या जुना मालक विकत होता. मास्तर आणि काजताई दोघांनी मिळून ती जागा घ्यायची ठरवली होती, निम्मी निम्मी, दोघांच्या नावावर. मुलाचं म्हणणं असं की बाबांनी खुशाल लग्न करावं, पण बाबांचं निम्मं उद्या त्यालाच मिळालं पाहिजे. बाई मध्ये यायला नकोत. तो काजताईला 'बाई' म्हणायचा.

म्हणून दोन कागद झाले. एक मास्तरांचं मृत्युपत्र: त्यांचा निम्मा भाग मुलाला. दुसरं काजताईचं हक्कसोडपत्र: नवऱ्याच्या निम्म्या भागावर ती त्याच्या हयातीत किंवा हयातीनंतर हक्क सांगणार नाही, त्या भागात राहू द्या असंही म्हणणार नाही. दोन्ही मी टाइप केले, दोन्ही नोंदणी कार्यालयात जाऊन शिक्के मारून आले.

सहीच्या दिवशी मुलगाही आला होता. सही करायच्या आधी वकीलसाहेबांनी चष्मा काढून काजताईला विचारलं, "बाई, नीट समजलं ना? मास्तर नसले की त्यांचं निम्मं मुलाचं. तुमचं निम्मं तुमचंच राहील, पण जागा एकच आहे. मधून भिंत घालून राहता यायचं नाही. त्याने विकायचं म्हटलं तर विकावंच लागेल."

"साहेब, मास्तर नसतील तेव्हा मी त्या दुकानात बसून काजं कशाला करू? हवेला?"

"अगं, मी इतक्यात जात नाहीये," मास्तर म्हणाले. "अजून तुझा हिवाळ्याचा कोट शिवायचा राहिलाय."

"चार वर्षं राहिलाय तो."

"गिऱ्हाइकं आधी."

"मग मी गिऱ्हाईक व्हायला हवं होतं. बायको कशाला होतेय?"

आम्ही सगळे हसलो. मुलगा नाही हसला. सह्या झाल्यावर त्याने आपली प्रत घडी करून खिशात घातली आणि पायऱ्या उतरून गेला. लग्नाला तो आला नाही, आणि नंतर पाच वर्षं त्या दुकानाची पायरी चढला नाही.

दुकानातली एक पद्धत सांगायला हवी, कारण सगळं त्या पद्धतीपायी झालं. गिऱ्हाइकाची मापं मास्तर एका चिठीवर लिहायचे आणि ती चिठी कापडाला टाचणीने लावायचे. कपडा तयार होऊन गेला, किंवा गिऱ्हाइकाने काम नको म्हटलं, की मास्तर ती चिठी मोठ्या कात्रीने मधोमध कापायचे आणि चिंध्यांच्या पिशवीत टाकायचे. चिठी कापली की काम संपलं. मग त्यावर बोलणं नाही, वाद नाही. एकदा एका माणसाने कापलेल्या चिठीचा कोट परत मागितला तर काजताई म्हणाली होती, "दादा, तो कोट आता या जगात नाही. नवीन माप द्या." त्यांच्या लेखी कागद म्हणजे ती चिठी. कागद कापला की त्यावरचं लिहिलेलंही कापलं जातं, यावर त्या दोघांचा इतका विश्वास होता, जितका आपला दिवस उजाडण्यावर असतो.

१९७९ साली मास्तर आजारी पडले. छातीत कफ, ताप, दोन महिने अंथरूण. काजताईने दुकान चालवलं, औषधं आणली, त्यांना उचलून बसवलं. मुलाला तीन निरोप गेले. त्याच्याकडून एकच उलटा निरोप आला, की सध्या शिकवण्या खूप आहेत. मास्तर बरे होऊन पहिल्यांदा टेबलापाशी उभे राहिले त्या दुपारी त्यांनी खालून मला हाक मारली.

"टकटक, खाली ये. साक्षीदार पाहिजे."

मी गेले. टेबलावर हक्कसोडपत्राची त्यांची प्रत पसरलेली होती. मास्तरांच्या हातात मोठी कात्री.

"हा कागद तू टाइप केलास ना? मग आता बघ."

त्यांनी तो मधोमध कापला. हात अजून थरथरत होता, पण रेघ सरळ गेली. काजताई काजं करायची थांबली होती. तिचे डोळे भरून आलेले मी पाहिले, आणि लगेच ती म्हणाली, "अहो, कागद किती चांगला जाड आहे. पिशवीत कुठे टाकताय? द्या इकडे." तिने एका अर्ध्या भागाच्या कोऱ्या बाजूवर खडूने कॉलर आखली. "टकटकच्या कोटाची कॉलर याच्यावरून बेतते. किती दिवस तोच फाटका घालून हिंडतेय."

"बघ," मास्तर मला म्हणाले, "तुझा कोट लगेच निघाला. हिचा अजून व्हायचाय."

मी हसले. मला माहीत होतं की नुसतं कापून काही होत नाही. रोज मी तसले कागद टाइप करत होते. नोंदवलेला कागद रद्द करायला तसाच नोंदवलेला दुसरा कागद लागतो, दोघांच्या सह्या लागतात, मृत्युपत्र नवीन करावं लागतं. नोंदणी कार्यालयाच्या कपाटात मूळ कागद जसाच्या तसा होता, आणि मुलाच्या खिशातला त्याच्या खिशात. पण त्या दोघांची तोंडं बघून माझी जीभ उचलेना. उद्या सांगू म्हटलं.

उद्याचे पंधरा दिवस झाले. शेवटी काजताई धागे आणायला गेलेली बघून मी खाली उतरले आणि मास्तरांना सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरचा खडू बोटांत फिरवत राहिले.

"म्हणजे मी कापलं ते कापलंच नाही?"

"तुम्ही तुमची प्रत कापलीत, मास्तर."

दुसऱ्या दिवशी ते वर आले. वकीलसाहेबांनी सगळं समजावलं. मी रद्दपत्र टाइप केलं आणि नवीन मृत्युपत्रही, ज्यात काजताईला जन्मभर तिथे राहता येईल असं होतं. पुढच्या मंगळवारी दोघांनी येऊन सह्या करायच्या ठरल्या. मास्तर म्हणाले, "हिला मी मंगळवारीच सांगतो. उगाच आधीपासून डोक्याला ताप नको. तिला वाटतंय झालं."

त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी मुलगा आला. बाप आजारी होता तेव्हा न गेल्याचं त्याला कुणीतरी बोललं असावं. खिडकीतून मी पाहिलं, तो दारात उभा होता, हातात फळांची पिशवी, आणि आत यायचं की नाही ते त्याला ठरवता येत नव्हतं. काजताईनेच उठून त्याला आत घेतलं. "ये रे बाबा, उभा काय राहतोस? तुझ्या बाबांना आज भूक लागलीय, तुलाही लागली असेल."

मंगळवारी मास्तर एकटेच आले. "साहेब, या आठवड्यात नको. पोरगं आत्ता कुठे दारात यायला लागलंय."

मग मुलगा दर रविवारी यायला लागला. त्याचं लग्न झालं, सूनही यायला लागली. एक नात झाली. तिला पहिल्यांदा दुकानात आणलं तेव्हा मास्तरांनी गिऱ्हाइकाचं काम बाजूला सारून तिची मापं घेतली, त्या तान्ह्या बाळाची, कोटासाठी. रस्त्यावरचं सगळं दुकानदार मंडळ जमलं होतं बघायला. काजताई म्हणाली, "बघा, माझ्या आधी हिचा नंबर."

दुसऱ्यांदा तारीख ठरली ती नात सहा महिन्यांची असताना. तीही पुढे गेली. तिसऱ्यांदा, १९८२ मध्ये, मास्तर वर आले, बसले, आणि सह्यांचे कागद समोर ठेवल्यावर त्यांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. वकीलसाहेब आतल्या खोलीत फोनवर होते. मी चहा आणून दिला.

"टकटक," ते हळूच म्हणाले, "सही केली तर दर रविवारी त्याच्या तोंडाकडे बघू कसा? आणि नाही केली तर रोज हिच्या तोंडाकडे."

"मग ताईला सांगून टाका ना. ती काय म्हणेल ते तरी ऐका."

"तिला काय सांगू? तुझ्यासमोर कापला तो खोटा होता म्हणून? तीन वर्षं मी गप्प बसलो म्हणून?" त्यांनी चहा अर्धा ठेवला. "तू तिला बोलू नकोस. शपथ आहे तुला. मी बघतो."

मी बोलले नाही.

१९८३ च्या फेब्रुवारीत, भर दुपारी, कापता कापता मास्तर टेबलावर वाकले ते सरळ झालेच नाहीत. मी खिडकीतून पाहत होते. काजताईला आधी वाटलं ते कापडावरची खूण बघतायत. ती म्हणाली, "अहो, चष्मा लावा की." दोनदा म्हणाली.

महिन्याभराने मुलाच्या वकिलाची नोटीस आली. ती घेऊन काजताई माझ्याकडे वर आली. तिने पांढरं नेसलं नव्हतं, रोजचंच होतं, पण पदराला एकही सुई नव्हती.

"हा मुलगा असा कसा गं? वेडा झालाय का? म्हणतो, जागा विकायची, निम्मी माझी, तुम्हाला राहायचा हक्क नाही. अगं, तो कागद आपण कापलाय ना! तू होतीस ना तिथे!"

"होते, ताई."

"मग तू सांग त्याला."

मी काय सांगणार? मी म्हटलं, "ताई, कागद नुसता कापून चालत नाही, असं कायदा म्हणतो."

"कायदा म्हणू दे. मास्तरांचं म्हणणं काय होतं ते तर सगळ्यांना कळेल? त्यांना कागद नको होता. त्यांनी स्वतःच्या हाताने कापला. न्यायाधीश काय माणूस नाही?"

वकीलसाहेबांनी दोन्ही बाजूंचे कागद केलेले असल्याने ते प्रकरण घेऊ शकले नाहीत. काजताईने दुसरी एक वकीलबाई केली, तरुण, हुशार, बोलकी. ती म्हणाली, केस कठीण आहे, पण नवऱ्याचा मनापासून हेतू होता हे सिद्ध झालं, साक्षीदार ठाम राहिला, तर निदान राहायचा हक्क मिळवता येईल. साक्षीदार म्हणजे मी.

वकीलसाहेबांनी मला आत बोलावलं. "हे बघ, शपथेवर खोटं बोलायचं नाही. न विचारलेलं सांगायचं नाही. पण तिला मात्र आधी सांग. मास्तर तीनदा येऊन गेले ते. कोर्टात दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर तुला ती माफ करणार नाही."

"पण मुलाच्या वकिलाला ते कुठून कळणार?"

"कळतं," ते म्हणाले. "कागदाला पाय असतात."

सुनावणीआधी माझ्याकडे अकरा दिवस होते. रोज संध्याकाळी ऑफिस बंद करून मी समोर जायचे. कॉलर बेतलेला माझा कोट तेव्हा राहूनच गेला होता, तो ती आता शिवत होती. "साक्षीदार नीटनेटका दिसला पाहिजे. कोर्टात काय ते जुनं पोतं घालून उभी राहणार आहेस?" ती माझ्या खांद्यावर माप टाकायची, टाचण्या तोंडात धरून बोलायची. "सगळ्यांना सांग तू, ते कसे म्हणाले ते. 'टकटक, साक्षीदार पाहिजे', असं म्हणाले. हुबेहूब सांग. हात थरथरत होता तेही सांग." एकदा मी म्हटलं, "ताई, एक गोष्ट सांगायची होती." तर ती म्हणाली, "हलू नकोस, टाचणी लागेल." मी हलले नाही. ती टाचणी काढून झाल्यावर मी घरी निघून गेले.

सुनावणी सकाळी होती. छत उंच, पंखे हळू फिरणारे, बाकांवर लोक पेंगत बसलेले. काजताई दुसऱ्या रांगेत बसली होती. मुलगा तिच्यापासून तीन जागा सोडून. सून आली नव्हती.

वकीलबाईच्या प्रश्नांना मी उत्तरं दिली. मास्तरांनी हाक कशी मारली, कागद कसा कापला, काजताईने त्याच्यावर कॉलर कशी आखली. तो कॉलरच्या आकाराचा कागद वकीलबाईने पुढे केला. एका बाजूला खडूच्या रेषा, दुसऱ्या बाजूला माझ्या जुन्या मशीनच्या ओळी. न्यायाधीश तो उलटसुलट करून म्हणाले, "हे काय, कॉलर आहे का?" बाकांवर हसू फुटलं. काजताईही हसली. तिने माझ्याकडे पाहिलं, जसं शाळेत पोरगी कविता म्हणत असताना आई पाहते तसं.

मग मुलाचा वकील उठला. उंच, सावकाश बोलणारा.

"बाई, कागद कापला म्हणजे तो रद्द झाला असं मास्तरांना वाटत होतं, असं तुमचं म्हणणं?"

"हो."

"शेवटपर्यंत?"

मी पिंजऱ्याचा कठडा धरला.

"कापल्यावर मास्तर पुन्हा तुमच्या ऑफिसात आले होते का?"

"हो."

"कशासाठी?"

"रद्दपत्र करायला."

"म्हणजे कापून कागद रद्द होत नाही हे त्यांना कळलं होतं?"

"हो. मीच सांगितलं होतं."

"रद्दपत्र तयार होतं?"

"हो."

"त्यांनी सही केली?"

"नाही."

"किती वेळा तारीख ठरली होती?"

"तीनदा."

"तिन्ही वेळा सही न करता गेले?"

"हो, पण—"

"एवढंच विचारायचं होतं. धन्यवाद."

मी "पण" म्हटलं ते कुणाला नको होतं. मला सांगायचं होतं की ते का गेले, पेन उचलून कसं ठेवलं, काय बोलले. वकीलबाईने पुन्हा प्रश्न विचारायचा प्रयत्न केला, पण तिलाही हे आत्ताच कळत होतं, ती गोंधळली होती. मी पिंजऱ्यातून बघितलं. काजताई माझ्याकडे पाहत नव्हती. ती मुलाकडेही पाहत नव्हती. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती समोरच्या बाकाच्या पाठीकडे पाहत होती, आणि तिची बोटं हलत होती, काज घालताना हलतात तशी.

मुलाला हे कुठून कळलं तेही नंतर समजलं. एका रविवारी बापलेकांची बोलाचाली झाली तेव्हा मास्तर रागात म्हणाले होते, "फार बोलू नकोस. वकिलाकडे कागद तयार करून ठेवलाय मी." धमकी म्हणून बोलले असतील. मुलाने ती लक्षात ठेवली.

बाहेर व्हरांड्यात एक लाकडी बाक होता. काजताई तिथे बसली. वकीलबाई फाईल घेऊन आत गेली. मी तिच्याशेजारी बसले. नवा कोट मला खांद्यात टोचत होता, कुठेतरी टाचणी राहून गेली असावी.

"किती वेळा म्हणालीस? तीनदा?"

"हो ताई."

"बसायचे की उभ्या उभ्या जायचे?"

"बसायचे."

"चहा दिलास?"

"दिला. शेवटच्या वेळी अर्धा ठेवला."

"अर्धाच पितात ते. पूर्ण पीत नाहीत." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला म्हणायचे, अस्तर बघायला बाजारात जातो. त्यातले तीन दिवस तुझ्याकडचे असतील."

"ताई, त्यांना मुलाची भीती होती. रविवारी तो यायचा बंद होईल म्हणून. तुझ्याबद्दल काही नव्हतं. ते स्वतः मला म्हणाले—"

"मला कळतंय गं." तिने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "पण मला सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं? राहू दे तो कागद, म्हटलं असतं. पोरगं येतंय, नात येतेय, राहू दे. मी स्वतः सही केली होती ना त्याच्यावर, हसत हसत? पुन्हा केली असती. घराचं काय घेऊन बसलीस." तिचा आवाज फुटला नाही, पण खाली गेला, मला वाकून ऐकावं लागलं. "त्यांना वाटलं मी नाही म्हणेन. इतकी वर्षं एका टेबलावर बसून त्यांना असं वाटलं. आणि मी रोज समोर बसून मनात म्हणत होते, यांनी माझ्यासाठी कागद कापला."

मी तिचा हात धरायला गेले. तिने धरू दिला, पण धरला नाही.

"तू तरी सांगायचं होतंस," ती म्हणाली. "मास्तर भित्रे होते. तू कशाला भ्यालीस?"



पुढच्या तारखेला काजताई गेलीच नाही. तिने वकीलबाईला सांगून केस मागे घेतली. वकीलबाई म्हणत होती, अजून थोडी आशा आहे, हेतू होता हे दाखवता येईल. काजताई म्हणाली, "मला त्यांचा हेतू माहीत झालाय. आता कुणाला दाखवायचं नाही." वाटणी झाली. जागा मधून भिंत घालून राहण्यासारखी नव्हतीच, विकावी लागली. शेवटच्या दिवशी टेबल बाहेर काढलं तेव्हा ते दारातून मावेना. चौघांनी उचलून आडवं केलं, तरी मावेना. शेवटी पाय कापून काढलं. काजताई रस्त्याच्या या बाजूला उभी राहून बघत होती. म्हणाली, "आत आणलं तेव्हा कसं आणलं असेल मास्तरांनी?" कुणालाच आठवत नव्हतं.

मुलाने आपल्या वाट्यातून दोन गाड्या घेतल्या आणि स्वतःची शिकवणी काढली. चांगली चालली. काही वर्षांनी तो दुसऱ्या शहरात गेला. एकदा तो ऑफिसात आला होता, कशाची तरी नक्कल हवी म्हणून. जाता जाता दारात थांबून म्हणाला, "बाई कुठे राहतात?" मी पत्ता दिला. तो गेला की नाही, मला माहीत नाही. काजताईने कधी सांगितलं नाही. नात मोठी झाली, लग्न झालं, एवढं ऐकलं होतं. तिने तो लहानपणचा कोट पाहिला तरी असेल का, कोण जाणे.

वकीलबाई पुढे न्यायाधीश झाली. वर्तमानपत्रात फोटो आला होता, मी ओळखला.

वकीलसाहेब सत्याहत्तराव्या वर्षापर्यंत ऑफिसात यायचे. ते गेले तेव्हा त्यांचं स्वतःचं मृत्युपत्र केलेलं नव्हतं. दोन मुलं आणि एक मुलगी पाच वर्षं भांडत होती. साहेबांना मी कितीदा सांगितलं होतं, तर म्हणायचे, "माझ्याच ऑफिसात माझी तारीख मिळत नाही."

काजताई चार गल्ल्या सोडून एका खोलीत राहायला गेली. तयार कपड्यांच्या एका कारखान्यासाठी ती घरी काजं करायची, जोपर्यंत मशीनची काजं आली नव्हती तोपर्यंत. मग मशीनची काजं आली. तेव्हा तिने आजूबाजूच्या मुलींना हाताने शिवायला शिकवलं. माझ्याशी ती बोलायची. आठवड्यातून एकदा मी जायचे, चहा व्हायचा, इकडच्या तिकडच्या गोष्टी व्हायच्या. पण मास्तरांचं नाव ती माझ्यापुढे घ्यायची नाही, आणि मला टकटक म्हणायचं तिने त्या दिवसापासून सोडलं. मी तिला कितीदा म्हटलं, ताई, तुझ्या वाट्याचं मृत्युपत्र कर, नाहीतर कुठल्या कुठे जाईल. ती म्हणायची, "जाऊ दे. सही करायची म्हटलं की माझा हात दुखतो." १९९६ च्या पावसाळ्यात ती गेली. मी त्या वेळी बहिणीकडे होते. परत आले तेव्हा चार दिवस झाले होते. कोणी एक लांबचा पुतण्या, ज्याला ती कधी भेटलीही नव्हती, येऊन सगळं घेऊन गेला होता. खोली झाडून ठेवलेली होती.

मी आणखी चौदा वर्षं तिथेच टाइप करत राहिले, नवीन वकिलाच्या हाताखाली, मग कॉम्प्युटरवर. नवराबायको कागद करायला आले की मी दोघांना मुद्दाम वेगवेगळं बाजूला घेऊन सांगायचे, एकमेकांना विचारा, मगच सही करा. काही ऐकायचे. काही म्हणायचे, बाई, तुमचं काम टाइप करायचं आहे. त्यांचंही बरोबर होतं. मी लग्न केलं नाही. राहतं घर भाचीच्या नावावर केलं आहे, आणि ते तिला समोर बसवून, दोनदा वाचून दाखवून केलं आहे.